अठरा सामने, अकरा गोल

सातव्या ओळीवर प्रफुल्लचं बोट थांबलं ते थांबलंच. कागद वाचताना ओळीखाली बोट फिरवायची त्याची सवय जुनी होती. क्लबातली पोरं त्यावरून हसत, पण याच बोटानं बत्तीस वर्षांत चौदा प्रशिक्षकांचे आणि शे-दोनशे खेळाडूंचे कागद तपासले होते. फुटबॉलवाल्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं कसं वाचायचं, याचं एक शास्त्रच त्यानं आपल्यापुरतं बसवलं होतं. स्ट्रायकर आपले गोल पाचाच्या पटीत लिहितो. तेवीस मारले की पंचवीस, एकतीस मारले की पस्तीस. बचाव खेळणारा वय दोन वर्षांनी उतरवतो. गोलकीपर तेवढा खरं लिहितो, कारण खोटं लिहून वाढवण्यासारखं त्याच्याकडे काही नसतंच. आणि प्रशिक्षक झाला की प्रत्येक जण परस्परसंमतीनं क्लब सोडतो. हाकलला गेलेला प्रशिक्षक प्रफुल्लला कागदावर अजून भेटायचा होता. हे सगळं तो चेहरा न हलवता वाचायचा, मनात वजा करायचा आणि सही ठोकायचा. ओमानातल्या सलालाहच्या या क्लब-कचेरीत त्याला प्रफुल्ल सकपाळ म्हणून ओळखणारे थोडे, आणि सही करणारा म्हणून ओळखणारे सगळे.

सातव्या ओळीत होतं: २००५–०६, पुढे याच क्लबाचं नाव, सामने अठरा, गोल अकरा. कागद एदिवाल्दोचा. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचा माणूस. वरच्या ओळींत त्याचं गाव, मग पोर्तुगाल, सायप्रस, कुवेत, खालच्या ओळींत व्हिएतनाम नि गोवा, आणि बूट उतरवल्यावर मालदीव, मलेशिया, बहारीन अशी प्रशिक्षकाची वणवण. महिन्यापूर्वी तो या क्लबाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून आला होता. बाकीच्या ओळींतले गोल शिस्तीत पाचाच्या पटीत होते. पण ही ओळ. त्या हंगामात एदिवाल्दो या क्लबाकडून एक मिनिटही खेळला नव्हता. हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारा क्लबाच्या कचेरीत एकच माणूस उरला होता, आणि खाली सही त्यानंच करायची होती. तो का खेळला नव्हता, हेही त्याच माणसाला ठाऊक होतं. आणि ते त्यानं वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

“प्रफुल भाई, बस एक साइन,” अहमद दारातून म्हणाला. क्लबाचा हा सेक्रेटरी लहानपणी याच कचेरीत येऊन प्रफुल्लच्या टेबलावरचे शिक्के हातावर मारून घ्यायचा. “कल दोपहर तक मस्कत, फेडरेशन में पहुँचना चाहिए. खिलाड़ी के दस सीझन का रजिस्ट्रेशन माँगते हैं. नौ वाला हेड कोच बनके बेंच पे नहीं बैठ सकता. देखा ना, पूरे दस हैं?”

“हैं,” प्रफुल्ल म्हणाला. न मोजता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

अहमद गेला. खिडकीबाहेर ऑगस्टमधलं सलालाह होतं, म्हणजे धुकं आणि त्यातून गाळून येणारी बारीक ओल. मस्कतचे लोक हीच ओल अंगावर घ्यायला हजार किलोमीटर गाडी हाकत येतात आणि प्रफुल्लच्या फायलींना बुरशी येते. जुन्या नोंदवह्यांना तर बुरशीसुद्धा यायची राहिली नव्हती, वादळाच्या वर्षी तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. तेव्हाचे अध्यक्ष वारले. तेव्हाचा सेक्रेटरी कुठे असतो माहीत नाही. म्हणजे नोंदवही म्हणून आता हे डोकंच. मैदानावर एदिवाल्दो शिटी तोंडात धरून उभा होता. पोट सुटलेलं, केस गेलेले, पण उभं राहायची ढब तीच. भार उजव्या पायावर, डावा पाय जरा पुढे, जणू कुणी फोटो काढणार आहे. पोरगा होता तेव्हाही तो असाच उभा राहायचा. प्रफुल्ल त्याला ब्राझीलची ऐट समजायचा.

कुवेतहून तो आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि विमानतळावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मैदानाबद्दल नाही, रस्त्यालगतच्या माडांबद्दल. हे इथे कुणी लावले? त्याला म्हणे वाळवंट सांगितलं होतं. प्रफुल्लनं गाडी शहाळ्यांच्या टपरीशी थांबवली. एदिवाल्दोनं शहाळं रिकामं केलं, ते फोडून घेतलं, करवंटीच्याच तुकड्यानं आतली साय खरवडून खाल्ली, अगदी कोकणात खेडच्या बाजूचे लोक खातात तशी, आणि प्रफुल्लला वाटलं, हा आपल्यातला निघाला. माणसांना प्रफुल्ल सहसा असा घाईनं जमेत धरत नसे. करार झाला होता. कुवेतला तो उसना गेलेला, नोंदणी गावच्या क्लबाकडे परत गेली होती; म्हणून राहिला होता फक्त ब्राझीलमधून यायचा दाखला, त्या फेडरेशननं ‘आमची हरकत नाही’ म्हणायचं, मग इथे नोंदणी. खिडकी शनिवारी बंद होणार होती. नोंदणीच्या मुदतीला फुटबॉलात खिडकी म्हणतात. बुधवारी दुपारी प्रफुल्लनं फॅक्स धाडला. तेव्हा ओमानात सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. सात तास मागे असलेल्या ब्राझीलहून उत्तर यायचं ते रात्रीच येणार. “आपण गुरुवारी मुगसैलला जाऊ या का हो?” त्याची बायको शैला म्हणाली होती. त्यांची प्रणाली पाच वर्षांची होती आणि तिथल्या किनाऱ्यावर खडकातल्या भोकांतून समुद्राचं पाणी माणसापेक्षा उंच उसळतं हे तिनं शाळेत ऐकलं होतं. प्रफुल्लनं विचार केला. उत्तर आलं तर आलं. त्यात काही कमी-जास्त असलं तर शनिवारी सकाळी सातला कचेरी उघडतेच, खिडकी रात्री बारापर्यंत उघडी, सबंध दिवस हाताशी. त्यानं अगदी शांतपणे, दोन-दोनदा विचार केला. याच शांतपणाचा त्याला पुढे वीस वर्षं राग आला. बारा वर्षं या देशात राहून तो एक गोष्ट साफ विसरला होता, की शनिवार हा कामाचा पहिला दिवस फक्त इथे असतो. बाकीचं जग शनिवारी झोपलेलं असतं.

शनिवारी सकाळी फॅक्सच्या मशीनखाली फरशीवर कागद गुंडाळी होऊन पडला होता. बुधवारी त्यांच्या दुपारी सुटलेला. एका जागी खेळाडूची सही राहिली आहे, ती करून उलट टपाली पाठवा, दाखला लगेच देतो. बस. गुरुवारी संध्याकाळी कुणी कचेरीत डोकावलं असतं, शुक्रवारी डोकावलं असतं, तरी चाललं असतं. प्रफुल्लनं सही घेऊन कागद पाठवला, दिवसभर फोन लावले. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला एका बंद कचेरीत तो फोन वाजत राहिला. तो आवाज प्रफुल्लला अजून कधी कधी आंघोळ करताना ऐकू येतो. रविवारी त्यानं अध्यक्षांना सांगितलं, ब्राझीलवाल्यांनी उशीर केला. कुणी शंका घेतली नाही. ब्राझीलवाले उशीर करतात, हे सगळ्यांना अगोदरच पटलेलं होतं. जानेवारीत पुन्हा खिडकी उघडली तोवर क्लबानं परदेशी खेळाडूंच्या जागा भरल्या होत्या आणि एदिवाल्दोला करारापायी मे महिन्यापर्यंत सांभाळायचं, एवढंच ठरलं. सराव सगळ्यांबरोबर, सामन्याच्या दिवशी कुंपणाबाहेर. प्रफुल्लही सामना कुंपणाशी उभा राहूनच बघायचा. तेव्हापासून दोघं शेजारी उभे राहू लागले. आणि प्रफुल्लनं त्याला पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला नेलं. नेलं, म्हणजे तोंड दाखवायला दुसरी जागा सुचली नाही.

पुढचं सगळं मात्र प्रफुल्लला उलट्या हिशेबानं आठवायचं. ज्या वर्षाची लाज वाटायला हवी त्याच वर्षाकडे मन सारखं जायचं. शैलानं ओलं खोबरं वाटून सुरमईचं कालवण केलं होतं. एदिवाल्दोनं पहिला घास घेतला नि चमचा खाली ठेवला. त्याला इंग्रजी थोडं, अरबी त्याहून थोडं. त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं, माझी आई. शैला आत जाऊन डोळे पुसून आली आणि आणखी भात घेऊन आली. त्यानंतर आठवड्यातून चार संध्याकाळी तो यायचा. शैला प्रफुल्लला “अहो” म्हणते हे ऐकून त्यानं ते नाव समजून उचललं, आणि क्लबात, मैदानावर, बाजारात सगळ्यांदेखत प्रफुल्लला “अहो!” म्हणून हाका मारू लागला. मैदानावरचे कोकणी लोटपोट हसायचे. प्रणाली त्याला इंग्रजी शिकवायची, तो तिला चेंडू मानेवर तोलायला. पाच वर्षांच्या त्या पोरीचं मराठी तेव्हा चांगलं होतं. आता ती पुण्यात नोकरी करते आणि फोनवर “बाबा, मला ते वर्ष सगळ्यात जास्त रिमेंबर आहे,” म्हणते. प्रफुल्लला बरं वाटतं, आणि तो लगेच फोन शैलाकडे देतो. सुखाची इतकी भर एका न उचललेल्या कागदामुळे पडली, हे तो कुठे मांडणार? आणि त्या माणसाचं काय? क्लब नसलेलं एक वर्ष स्ट्रायकरच्या आयुष्यात खिंडार पाडतं. त्यानंतर त्याला युरोपातून कुणी विचारलं नाही. व्हिएतनाम, गोवा आणि एकतिसाव्या वर्षी बूट खुंटीला. प्रफुल्ल ही खालची ओळ दर वेळी स्वतःच्या नावावर लिहीत आला होता.

तो उठला नि कपड्यांच्या खोलीत गेला. बदरुद्दीन मोजे उलटे करत बसला होता. हर्णैचा माणूस, क्लबाचे बूट-कपडे सांभाळण्यात जन्म गेलेला, आणि शुक्रवारच्या सकाळी हर्णै सेव्हन्स नावाच्या संघाचा मालक, कप्तान नि पंचांशी भांडणारा. सात-सात जणांचे हे सामने केरळवाले भरवायचे, खडीच्या मैदानावर. सुट्टीच्या दिवशी अर्धं सलालाह तिथे.

“बदरू, एदी तुझ्याकडून किती सामने खेळला असेल रे तेव्हा?”

“अठरा,” बदरुद्दीन मान वर न करता म्हणाला.

“इतकं पक्कं?”

“वो सकपाळानू, त्याच्या आदी आमी सोळा हरलेले नि त्याच्या नंतर दहा. मदले अठरा तेवडे मानसासारके खेळलो. ते इसरंल कोन?”

“आणि गोल?”

“अकरा. धावायचा तर नाय. एका जागी उबा ऱ्हायचा नि बॉल त्याच्याकडं यायचा, पोस्टमन यावा तसा. अकरा. तो बारा म्हनायचा.” आता बदरुद्दीननं मान वर केली. “बारावा तुमी खाल्लात. फायनलला. कुंपनाकडनं वरडलात, हाताला लागला, हाताला लागला! आपल्याच मानसाचा गोल. केरळवाल्यांनी तुमना नंतर चाय पाजली, मी इसरलो नाय.”

“लागला होता हाताला.”

“लागला आसंल. पन सांगायचं कशाला?”

परत येऊन प्रफुल्ल खुर्चीत बसला तेव्हा ती ओळ त्याला वेगळीच दिसू लागली. सबंध कागदावर पाचाच्या पटीत न बसणारा गोलांचा हा एकच आकडा. बाकीच्या ओळी खऱ्या, त्यांतले आकडे फुगवलेले. ही ओळ खोटी, आणि तिच्यातला आकडा तेवढा खरा. वीस वर्षं या माणसानं जगभर फिरताना ते शुक्रवार बरोबर नेले होते, मोजून. प्रफुल्लला वाटायचं, त्या वर्षाची वही आपल्या एकट्याकडे आहे.

दुपारी घरी जेवताना त्यानं शैलाला ओळीबद्दल सांगितलं. फॅक्सबद्दल अर्थातच नाही.

“करा की सही,” शैला म्हणाली. “अठरा खेळला, अकरा मारले. खोटं काय त्यात?”

“क्लब खोटा.”

“क्लबाचा माणूस होता ना? कपडे क्लबाचे, बूट क्लबाचे.” ती ताटात आमटी वाढत होती. “त्या गुरुवारी मीच मुगसैलला जायचं काढलं होतं.”

प्रफुल्लचा हात थांबला.

“मला काय दिवस मोजता येत नाहीत? तुम्ही शनिवारी रात्री जेवला नव्हता. आणि मग त्या मुलाला रोज घरी आणायला लागलात. तुम्ही, जो माणूस माझ्या भावाला दोनदा जेवा म्हणत नाही.” तिनं पातेलं खाली ठेवलं. “सही करा नि सुटा त्यातून. त्याचे दहा भरतील, तुमची चूक कागदावरून जाईल. दोघांचं भलं.”

हेच तर होतं. सही केली की ती चूक झालीच नाही असं होणार होतं; नोंदणी झाली, तो खेळला, अठरा सामने, गवताचं मैदान, प्रेक्षक, दिवे. मग खडीवरचे शुक्रवार कुठे जातील? कुंपण कुठे जाईल? प्रफुल्लला सुटायचं होतं, यात शंका नाही. पण सुटताना हातातलं सगळंच ठेवून जावं लागेल, हे त्याला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. आणि सही नाही केली, तर याच माणसाचं दुसऱ्यांदा तेच. एकदा न उचललेल्या कागदानं आणि एकदा उचललेल्या. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा प्रशिक्षक, पहिल्यांदा मुख्य झालेला. आमटी निवली. “खा हो,” शैला म्हणाली, “नाहीतर त्याला तरी बोलवा.”

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर कचेरी रिकामी होती. प्रफुल्लनं सातव्या ओळीतल्या क्लबाच्या नावावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. वर स्वच्छ इंग्रजीत लिहिलं, हर्णै सेव्हन्स, सलालाह, शुक्रवारचे सामने. अठरा नि अकरा तसेच ठेवले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: क्लबात नोंदणी झाली नाही. ब्राझीलचं उत्तर मुदतीत आलं होतं, या कचेरीनं ते वेळेत पाहिलं नाही. जबाबदार, प्रफुल्ल सकपाळ. आणि खाली सही केली. मग तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मैदानाकडे निघाला, कारण ओल कागदाला सोडत नाही.

पोरं गेली होती. एदिवाल्दो एकटाच खुणेचे पिवळे शंकू गोळा करत होता.

“अहो!” तो लांबूनच ओरडला. “वहिनीनं कालवण पाठवलं?”

“कागद आणलाय,” प्रफुल्ल म्हणाला. आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बुधवार, गुरुवार, मुगसैल, मशीनखालची गुंडाळी, रविवारी मारलेली थाप. साध्या इंग्रजीत सांगायचं असल्यानं ते फार थोडक्यात उरकलं. वीस वर्षं आठ वाक्यांत.

एदिवाल्दोनं पिशवीतूनच कागद वाचला. शंकू खाली ठेवले. मग हसला, तोही नीट नाही.

“त्या गुरुवारी,” तो सावकाश, शब्द शोधत म्हणाला, “आईनं तिकडे मेणबत्ती लावली होती. कागद वेळेत जाऊ दे म्हणून. मी इथे उलटं मागत होतो.” त्यानं डाव्या गुडघ्यावर थाप मारली. “कुवेतमध्येच गेला होता हा. कुणाला सांगितलं नाही. सराव होतो, सामना होत नाही. नोंदणी झाली असती तर तीन सामन्यांत उघडा पडलो असतो. मग खलास, घरी. ते वर्ष मी काय केलं? उभा राहिलो. जेवलो. शुक्रवारी खडीवर एका जागी थांबून खेळलो. गुडघा भरून आला. व्हिएतनाम, गोवा, ही तीन वर्षं मला तुझ्या शनिवारनं दिली.”

प्रफुल्लला हलकं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात खिसा कापला गेल्यासारखं वाटलं. वीस वर्षं जो बोजा त्यानं जपून, वजन करून, दर वर्षी पुन्हा तपासून ठेवला होता, तो दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला निघाला. त्यानं एदिवाल्दोच्या पायाकडे पाहिलं. पुढे काढलेला डावा पाय. ती ऐट.

“आणि जेवण?” एदिवाल्दोनं एकदम विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. “चार दिवस, प्रत्येक आठवडा. ते त्या फॅक्सचं होतं?”

प्रफुल्लनं खोटं बोलायचा विचार केला. आज तो दिवस नव्हता. “पहिले दोन महिने.”

“नंतर?”

“नंतर शैला चौघांचंच करायची. सवय झाली.”

धुकं कुंपणाच्या जाळीत अडकून थेंब होत होतं. एदिवाल्दोनं कागद पुढे केला आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. “हे खोड. ती चूक मला हवी होती.”

“हवी होती ती तुला. केली मी.”

“मग मी बाकावर नाही बसत.”

“आत्ता तरी नाही. सहायक म्हणून बसशील. किंवा मस्कतवाले काय म्हणतात ते पाहू. शेऱ्यामुळे कदाचित तुझ्या बाजूनं बोलतील. कदाचित नाही.” प्रफुल्लला पुढचं वाक्य जड गेलं. “तुला खोटी ओळ हवी होती, ते मला समजतं. मी ती नाही देऊ शकत.”

“सहायक म्हणून नाही बसणार. मुख्य नाही तर कुंपणाशी,” एदिवाल्दो म्हणाला.

“कुंपणाशी.”

“इन्शाल्ला.” त्यानं शिटी गळ्यातून काढून खिशात टाकली, चेहऱ्यावर राग होता, नाही असं नाही. मग त्याचं बोट कागदावर सरकलं आणि आकड्यावर येऊन टेकलं. “पण हे बारा आहेत. फायनलचा धरून.”

“हाताला लागला होता.”

“खांद्याला.”

“मग तू स्वतः अकरा का लिहिलेस?”

“कागद तुझ्याकडे येणार होता ना,” एदिवाल्दो म्हणाला. “बाकी सगळीकडे बारा चालतात, अहो.”

मैदानाच्या पलीकडच्या अंगाला संध्याकाळच्या पोरांचा खेळ सुरू होत होता. दोघं तिकडे निघाले, जुन्याच जागी, जिथे जाळी जरा आत दबलेली आहे. गवत ओलं होतं आणि एदिवाल्दो जपून पाऊल टाकत होता. प्रफुल्ल दोन पावलं मागे राहिला, मग काही न बोलता त्याच्या डाव्या बाजूला आला आणि तिथूनच चालू लागला.